रात्रीची लाइन आणि सकाळचे सहा : एका तरुणाच्या झोपेचा प्रकरण अभ्यास

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी मानसशास्त्र शिकवतो आणि दर रविवारी जवळच्या एका खेड्यातील अभ्यासिकेत, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी बोलण्यासाठी जातो. येथे मांडलेले प्रकरण त्या अभ्यासिकेत येणाऱ्या २२ वर्षांच्या एका तरुणाचे आहे. ते त्याच्या संमतीने लिहिले असून त्याची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत आम्ही अकरा वेळा भेटलो. हे प्रकरण निवडण्याचे कारण असे की, झोपेच्या सवयींविषयी जे लेखन आपल्या हाती पडते ते माणसाची रात्र त्याच्या स्वतःच्या मालकीची आहे असे धरून चालते. आमच्याकडे ओलिताच्या, म्हणजे पिकाला पाणी देण्याच्या, हंगामात ती तशी नसते, आणि ही गोष्ट लक्षात न घेता दिलेला सल्ला कितीही शास्त्रशुद्ध असला तरी तो तरुणाच्या खिशातच राहतो, हे मला या प्रकरणाने शिकवले.

तक्रार आणि घर

तो बी.ए. झालेला आणि पोलीस भरतीची तयारी करणारा. या भरतीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते आणि लेखी परीक्षा १०० गुणांची असते, त्यामुळे सकाळचे मैदान आणि दिवसाचा अभ्यास या दोन्हींवर त्याची भिस्त होती. दोन्ही हातचे सुटत चालले होते. मैदानावर सहाला पोहोचणे आठवड्यातून दोनदा जमले तर जमे, आणि दुपारी तीनच्या सुमारास तो अभ्यासिकेत चालू घडामोडींच्या पुस्तकावर कपाळ टेकून झोपलेला असे. माझ्याकडे आला तेव्हा झोपेबद्दल तो काही बोललाच नाही. वाचलेले डोक्यात राहत नाही, आपली बुद्धीच कमी पडते आहे, असे त्याचे म्हणणे होते. वडिलांचे म्हणणे वेगळे होते. पुढे एकदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते म्हणाले, "पोट्टं कामाले मागं नाई जी सर, पण सकाळी मेल्यावानी पडून रायते." घरात तो आळशी ठरला होता, आणि त्यानेही ते मनोमन कबूल केले होते.

घर दोन खोल्यांचे आणि ओसरीचे. त्यात आजी, आईवडील, थोरला भाऊ, वहिनी, तीन वर्षांचा पुतण्या आणि हा, अशी सात माणसे. सहा एकर वावरात कपाशी आणि तूर, आणि विहिरीच्या पाण्यावर हरभरा व थोडा गहू. कृषिपंपांना तीन फेजची वीज सलग मिळत नाही, ती काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. त्या हंगामात त्यांच्या फिडरवर (वीजवाहिनीवर) आठवड्यातील तीन रात्री ओलिताच्या होत्या. रात्री दहाच्या पुढे लाइन आली की मोटर सुरू करायची, स्प्रिंकलर चालू ठेवायचे, आणि दर तीन तासांनी अंधारात, ओल्या हरभऱ्यात उतरून पाइप उचलून पुढच्या पट्ट्यात मांडायचे. मधल्या वेळात वावरातल्या खोपडीत पडायचे, पण कान रानडुकरांच्या चाहुलीकडे ठेवून. भाऊ दिवसभर मजुरांबरोबर राबतो आणि त्याला बायको-लेकरू आहे, म्हणून या तिन्ही रात्री धाकट्याच्या वाट्याला आल्या होत्या. हे कोणी ठरवले नव्हते. नोकरी नसलेल्या मुलाकडे अशी कामे आपोआप सरकतात.

पहिल्या भेटीतली माझी चूक

पहिल्या भेटीत मी त्याला एक छापील कागद दिला. खोली शांत, अंधारी आणि थंड ठेवावी. रोज ठरावीक वेळी झोपावे. झोपण्याआधी एक तास फोन बाजूला ठेवावा. अंथरुणावर अभ्यास करू नये, असे दहा नियम त्यात होते. त्यातला एकही नियम चुकीचा नव्हता. पुढच्या रविवारी त्याने तो कागद चौपदरी घडी करून शर्टाच्या खिशातून काढला आणि, जणू एखादी उसनी वस्तू वापरता आली नाही म्हणून परत करावी तसा, माझ्यासमोर ठेवला. घडीवर वावरातली माती लागली होती. "सर, यातलं एकही नाही जमलं," एवढेच तो म्हणाला. ज्या खोलीत चार माणसे झोपतात आणि साडेदहापर्यंत टीव्ही चालतो, ती खोली शांत आणि अंधारी कशी ठेवायची, हा प्रश्न त्याने मला विचारला नाही. तो मीच मला आधी विचारायला हवा होता. आळशी ठरलेल्या मुलाला मी अपयशाचा आणखी एक पुरावा हातात दिला होता, याची मला आजही खंत आहे.

त्याच दिवशी नियम बाजूला ठेवून आम्ही वही सुरू केली. शंभर पानी वहीत रोज सकाळी सहा नोंदी करायच्या: अंथरुणावर कधी पडलो, फोन कधी ठेवला, झोप साधारण कधी लागली, किती वेळा जाग आली, कधी उठलो, आणि संध्याकाळनंतर चहा किंवा खर्रा (तंबाखूची पुडी) कधी घेतला. नोंद अंदाजे करायची, घड्याळ पाहत जागायचे नाही. शेवटी एक रकाना मोकळा ठेवला होता, त्यात वाटेल ते लिहायचे.

दरम्यान त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवून रक्त तपासून घेतले आणि घोरणे किंवा झोपेत श्वास अडकणे असे काही आहे का, हे घरच्यांना विचारले. तसे काही नव्हते. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हेही मी आडवळण न घेता विचारले. असा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते, आणि आपल्या भागात तर तो टाळणे मला योग्य वाटत नाही. तसे विचार नव्हते. तरीही टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक मी त्याच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिला.

वहीत काय दिसले

चौदा दिवसांपैकी सहा रात्री वावरातल्या आणि आठ रात्री घरच्या होत्या. वावरातल्या रात्रींत तुकड्यातुकड्यांनी मिळून जेमतेम तीन तास झोप होई, मग घरी येऊन तो सकाळी अकरापर्यंत झोपे आणि दुपारी पुन्हा दोन ते चार. यात मला नवल वाटले नाही. नवल घरच्या रात्रींचे होते, कारण त्या रात्री लाइन नव्हती, डुकरे नव्हती, आणि तरीही झोप नव्हती. तो पावणेअकराला अंथरुणावर पडे, झोप सुमारे एक चाळीसला लागे आणि आठला उठे. म्हणजे सव्वानऊ तास अंथरुणावर आणि त्यातली झोप सहा तास दहा मिनिटे. अंथरुणावरच्या वेळापैकी प्रत्यक्ष झोपेचा वाटा ६७ टक्के भरला. सर्वसाधारणपणे तो ८५ टक्क्यांच्या वर असावा अशी अपेक्षा असते. अनिद्रेची तीव्रता मोजणाऱ्या सात प्रश्नांच्या मापनीवर त्याचे गुण २८ पैकी १७ आले, म्हणजे मध्यम तीव्रता.

हे का घडत होते, ते समजायला झोपेची घडण थोडी समजून घ्यावी लागते. झोपेचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या आणि आजही आधार मानल्या जाणाऱ्या मांडणीनुसार झोप दोन गोष्टींच्या मेळातून येते. एक म्हणजे जागेपणाबरोबर साठत जाणारा झोपेचा दाब. मेंदूत अडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते तसा तो वाढतो आणि झोपेने उतरतो. दुसरे म्हणजे मेंदूतले दिवस-रात्रीचे घड्याळ, जे मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर, विशेषतः सकाळच्या उजेडावर, रोज लावले जाते. दुपारी दोन तास झोपल्याने या मुलाचा दाब रात्रीआधीच उतरून जात होता. घड्याळाची गत त्याहून वाईट होती: कधी सहाला, कधी आठला, कधी अकराला उठणे म्हणजे पाच तासांची तफावत, जवळजवळ भारत आणि इंग्लंड यांच्या वेळेतल्या फरकाएवढी. हा मुलगा गाव न सोडता आठवड्यातून तीनदा तेवढा प्रवास करून येत होता.

त्यावर खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली ही पुडी विदर्भात किती सहज हातात येते ते सांगायला नको. ओलिताच्या रात्री डोळे उघडे राहावेत म्हणून त्याने ती धरली होती, आणि मग घरच्या रात्रीही अकरा वाजता एक पुडी होऊ लागली. निकोटिन जाग आणणारे द्रव्य आहे, हे त्याला ठाऊक होते. ते ठाऊक होते म्हणूनच तर तो वावरात ती खात होता. पण जागण्यासाठी उपयोगी पडणारी वस्तू झोपायच्या वेळीही तेच काम करते, हा साधा धागा वहीत दोन नोंदी शेजारी आल्यावर त्याचा त्यालाच दिसला. सांगून जे झाले नसते ते नोंदीने झाले.

पण सर्वांत महत्त्वाची नोंद मोकळ्या रकान्यात होती. नवव्या दिवशी त्याने लिहिले होते, "११:३० ते १:०० फोन. काही खास पाहिलं नाही." मी विचारले, खास नव्हते तर ठेवला का नाही? तो बराच वेळ वहीचा कोपरा दुमडत, उलगडत बसला आणि मग म्हणाला, "दिवसभर सगळ्याइचा असतो सर. रात्रीच घडीभर मी माहा असतो."

या वाक्यानंतर माझा प्रकरणाकडे पाहण्याचा दृष्टिकोनच बदलला. झोप येत असून, जागण्याचे कोणतेही बाहेरचे कारण नसून झोप पुढे ढकलत राहणे, याचा अभ्यास गेल्या दहा-बारा वर्षांत बराच झाला आहे आणि त्याला आत्मनियमनातली उणीव मानण्याचा प्रघात आहे. मला ते वर्णन अपुरे वाटते. सकाळी डोळे उघडल्यापासून ज्याला वडील, भाऊ, मजूर आणि आजीचे औषध यांसाठी कोणीही हाक मारू शकते, जो बेकार समजला जात असल्याने नाही म्हणू शकत नाही, त्याने सगळे निजल्यावर दीड तास स्वतःपाशी राखून ठेवणे ही इच्छाशक्तीची कमतरता नव्हे; ती एक गरज आहे, फक्त तिची वेळ चुकलेली आहे. ती गरज तशीच ठेवून फोन काढून घेतला असता तर तिने दुसरी वाट शोधली असती.

आखणी

यानंतरच्या आखणीत आम्ही सुरुवात झोपण्याच्या वेळेपासून केली नाही. झोप कधी लागेल ते माणसाच्या हातात नसते, कधी उठायचे ते असते. म्हणून एकच खुंटा ठोकला, घरच्या रात्रींनंतर सकाळी सहा. रात्री कितीही उशीर झाला तरी सहा. डिसेंबरात आमच्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. सहाला उठून मैदान गाठले की धावणे संपता संपता उजेड डोळ्यांवर यायचा. भरतीचे मैदान आणि मेंदूचे घड्याळ यांचा असा जमलेला मेळ वाया घालवणे बरोबर नव्हते.

अंथरुणावर जायची वेळ पावणेअकरावरून साडेअकरावर नेली. झोप येत नाही म्हणणाऱ्याला उशिरा झोपायला सांगतात हे त्याच्या आईला पटेना. अंथरुणावरचा वेळ आधी झोपेएवढा आटवायचा आणि झोप सलग लागू लागली की दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवायचा, ही पद्धत आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडली. अनिद्रेवरील वर्तनोपचारांचा ती एक मुख्य भाग आहे. काही ठिकाणी हा वेळ पाच तासांपर्यंतही आणतात. मी साडेसहा तासांच्या खाली आणला नाही, कारण हा मुलगा रात्री ओल्या जमिनीवर उभा राहून स्टार्टरला हात लावतो आणि मोटारसायकल चालवतो. त्याच्या डुलकीची किंमत वर्गात बसणाऱ्या मुलापेक्षा फार जास्त आहे.

खाटेवरचा अभ्यास बंद करणे सोपे गेले, अभ्यासिका नऊपर्यंत उघडी असते. अडले ते दुसरीकडे. झोप लागत नसेल तर अंथरुणावर तळमळत न पडता उठून बाहेर बसावे, हा रिचर्ड बूटझिन यांचा १९७२ पासूनचा उपाय आहे आणि तो मी मोठ्या विश्वासाने सांगितला होता. आठवडाभर त्याने तो केलाच नाही. कारण असे निघाले की तो उठला की ओसरीत झोपणारी आजी जागी होई आणि "काय झालं रे बाप्पा, पोट दुखते का?" म्हणून सगळे घर उठवी. यावर कुठल्या पुस्तकात उत्तर नव्हते. मी घरी गेलो आणि आजींना सांगितले की नातू रात्री उठून ओसरीत बसला तर त्याला काही झालेले नाही, डॉक्टरांनी जसा मोकळ्या हवेत बसायचा उपाय द्यावा तसा हा उपाय आहे. त्या रात्रीपासून आजी त्याच्यासाठी घोंगडी उशाशी काढून ठेवू लागल्या.

त्याच भेटीत वडील आणि भाऊ यांच्याशी ओलिताचे बोलणे झाले. मला सर्वांत जास्त धास्ती याच बोलण्याची होती, कारण बाहेरच्या माणसाने घरच्या कामाची वाटणी सुचवणे आपल्याकडे रुचत नाही. मी वाटणी सुचवली नाही. वही पुढे ठेवली. भावाने चौदा दिवसांची पाने शांतपणे उलटली आणि म्हणाला, एका आठवड्यात दोन रात्री तो जाईल आणि एक मी, पुढच्या आठवड्यात उलट. वडील काही बोलले नाहीत, पण नंतर गेटापर्यंत सोडायला आले तेव्हा मी त्यांना सांगितले की विशीच्या आसपास शरीराचे घड्याळ मुळातच आयुष्यातल्या इतर काळापेक्षा उशिराचे असते, पुढे ते हळूहळू अलीकडे येते. सकाळी न उठणे म्हणजे सगळाच आळस नव्हे. "म्हणजे हे वयाचंच हाय म्हणा," ते म्हणाले. थोडेसे वयाचे, थोडेसे लाइनचे, असे मी म्हणालो.

वावरातल्या रात्रीनंतर नऊच्या पुढे झोपायचे नाही आणि दुपारी तीनच्या आत वीस मिनिटांची एकच डुलकी घ्यायची, असे ठरले. खर्रा रात्री आठनंतर घरच्या दिवशी बंद. पूर्ण सोडायला तो तयार नव्हता आणि मी तेवढ्यावर थांबलो, जरी तंबाखूचे नुकसान झोपेच्या कितीतरी पलीकडचे आहे.

फोनविषयी आम्ही "रात्री फोन पाहणार नाही" असा संकल्प केला नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की नुसत्या इराद्यापेक्षा "अमुक झाले की मी तमुक करीन" अशा नेमक्या बांधणीचा निश्चय अधिक पाळला जातो. त्याचे वाक्य त्यानेच बनवले: "आजीची मच्छरदाणी बांधून झाली की फोन देवळीत चार्जिंगला लावीन." मच्छरदाणी रोज तोच बांधतो, त्यामुळे आठवण ठेवावी लागत नव्हती. फोन भिंतीतल्या देवळीत असल्याने सहाचा गजर बंद करायलाही उठावेच लागे. लाइन आल्याचा निरोप फोनवर येतो, तेव्हा वावरातल्या रात्री हा नियम लागू नव्हता. वडिलांचा बटणांचा फोन तो सोबत नेऊ लागला. आणि स्वतःपाशीचा तो दीड तास? तो आम्ही संध्याकाळी आणला. अभ्यासिकेतून निघाल्यावर घरी जायच्या आधी पाऊण तास, गावाबाहेरच्या पुलावर, मित्रांबरोबर किंवा एकटा, हवे तर फोन पाहत. त्या वेळात घरून हाक आली तरी "येतो" म्हणायचे आणि बसायचे. हे त्याला सहाला उठण्यापेक्षा अवघड गेले.

जानेवारीतली घसरण

पहिले तीन आठवडे बरे गेले. संक्रांतीनंतर चुलतबहिणीच्या लग्नात सलग तीन रात्री जागरण झाले, चौथी रात्र ओलिताची होती, आणि पाचव्या दिवशी तो साडेदहाला उठला. रविवारी तो आलाच नाही. त्यापुढच्या रविवारी आला तेव्हा वहीत सहा दिवस कोरे होते आणि मोकळ्या रकान्यात एकच ओळ होती, "माझ्याच्यानं होत नाही."

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी आत्मनियमनाचे तीन भाग सांगितले आहेत: स्वतःचे निरीक्षण, त्यावरचा निवाडा आणि त्या निवाड्यावर आपण देतो ती प्रतिक्रिया. या मुलाचे निरीक्षण उत्तम होते. बिघाड पुढच्या दोन्हींत होता. लग्न, ओलित आणि थकवा या कारणांचा निवाडा तो "मी असाच आहे" असा करी, आणि मग त्या निवाड्याची शिक्षा म्हणून वही बंद करी. म्हणजे जी एक गोष्ट त्याला सावरू शकली असती तीच आधी सोडून देई. मी त्याला त्या दिवशी झोपेबद्दल काही सांगितले नाही. शेजारी बसून कोरे सहा दिवस आठवून भरायला लावले. भरता भरता त्याच्या लक्षात आले की त्या सहा दिवसांतही दोन दिवस तो साडेसहाच्या आत उठला होता. ते त्याने स्वतःच अधोरेखित केले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाबद्दल मी सांगितले: त्यात लोकांना चौदा दिवस रोज सहा तासच झोपू दिले, तेव्हा त्यांची एकाग्रता रात्रभर जागलेल्या माणसासारखी खालावली, पण त्यांना स्वतःला तेवढी घसरण जाणवत नव्हती. "म्हणजे डोकं कमी नव्हतं," तो म्हणाला. त्याच्या तोंडून हे वाक्य यावे म्हणून मी दोन महिने वाट पाहत होतो.

आजची स्थिती

फेब्रुवारीच्या अखेरीस घरच्या रात्री तो साडेदहाला अंथरुणावर जाऊन सहाला उठत होता. साडेसात तासांत झोप सुमारे सहा तास पन्नास मिनिटे, म्हणजे ९१ टक्के. मार्चमध्ये त्याच मापनीवरचे गुण ७ आले. मैदान आठवड्यातून पाच दिवस होते. खर्रा चालू आहे. पुलावरचा पाऊण तास टिकला आहे, आणि घरच्यांनी त्या वेळेला "त्याची वेळ" म्हणायला सुरुवात केली आहे.

मात्र मार्चपर्यंत हरभरा निघाला होता, ओलिताच्या रात्री संपल्या होत्या, सूर्य लवकर उगवू लागला होता. सुधारणेतला किती वाटा आखणीचा, किती भावाच्या वाटणीचा आणि किती नुसत्या हंगाम सरण्याचा, हे या एका हंगामावरून वेगळे काढता येत नाही. उन्हाळ्यात घरचे सगळे अंगणात खाटा टाकतात, तिथे उकाडा आणि डास हे वेगळे प्रश्न उभे राहतील. खरी परीक्षा नोव्हेंबरात रात्रीची लाइन सुरू झाली की होईल. तेव्हा पहिले दोन आठवडे वही पुन्हा भरायची असे आमचे ठरले आहे. वही त्याने देवळीतच ठेवली आहे, फोनच्या शेजारी.